ज्युदोतल्या केसा-गातामेत (बाजूला बसून मान आणि हात धरून चीत दाबून ठेवण्याची पकड) वरचा उलटतो, काय चुकतंय?

प्रश्न: नवशिक्या मुलांची पकड बसते, पण खालच्याने पूल मारला (पाय रोवून कंबर वर उचलली) की वरचा पलीकडे पडतो. काय सुधारू?

उत्तर १: छाती फार पुढे जात असणार. उजव्या बाजूने पकडल्यावर उजवं कूल्हं खालच्याच्या काखेला चिकटवून मॅटवर टेकवा. उजवा पाय पुढे, डावा मागे, दोन्ही रुंद. पूल आला की मानेखालचा हात सोडून पलीकडे मॅटवर टेकवायचा, मग परत पकड. उलट मागे रेललात तर तो उठून बसतो.

उत्तर २: खालच्याची बाही बघा! ती वर ओढून त्याचा हात आपल्या काखेत दाबलेला नसेल तर खालचा आत वळतो, बाकी सगळं फुकट. मागचा पाय जवळ आला तर तो पायांनी अडकवतो आणि पकड तुटते. सरावात आधी खालचा स्वस्थ, मग त्याचा अर्धा जोर, शेवटी पूर्ण २० सेकंद. इप्पोनला (पूर्ण गुण, थेट विजय) तेवढीच लागतात. मान आवळू देऊ नका, आणि थाप मारून सोडवून घेणं पहिल्याच दिवशी शिकवा.

प्रश्नकर्ता: बाहीच सुटतेय. धन्यवाद.