मदत हवी आहे: फायबरच्या बोटीवरचा जुना रंग ठेवू की काढू?
मंडळी, इंदूरला माझ्याकडे जुनी एंटरप्राइझ प्रकारची शिडाची बोट आहे, फायबरची. आधी कुणीतरी जेलकोटवर (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) रंग मारलाय, तो वरून पापुद्रे निघतोय पण खाली अजून घट्ट आहे. १२० च्या पॉलिश पेपरने घासून बघितलं, थिनरचं फडकं ठेवलं तर रंग सुरकुतला, म्हणजे साधा एनॅमलच असणार. इथला कार पेंटर म्हणतो वरून टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारा बिनधास्त (तो सगळ्यालाच बिनधास्त म्हणतो). हीटगन, रिमूव्हर नको, जेलकोट खराब होतो. बोट ट्रॉलीवरच असते, भोपाळच्या मोठ्या तलावात दिवसभर चालवून परत आणतो त्यामुळे अँटिफाउलिंग (पाण्यात शेवाळ वगैरे चिकटू नये म्हणून मारतात तो रंग) नकोच. स्प्रे नाहीये, रोलरनेच करणार, पावसाळ्याआधी. तर घट्ट बसलेल्या एनॅमलवर पीयूच्या आधीचा एपॉक्सी प्रायमर टिकेल, की थिनरसारखा तोही खालचा रंग उचलेल आणि सगळं जेलकोटपर्यंत घासावंच लागेल?