माउसने ओढण्यापेक्षा खुणा ओळीच्या वर घ्या
कोरसच्या स्वरलेखनात पियानो (हळू), फोर्टे (जोरात) या आवाजाच्या खुणा गाण्याच्या शब्दांवर चढतात आणि एकेक माउसने ओढत बसावं लागतं, अशी तक्रार असते. म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ओढू नका. गायनाच्या ओळीखाली शब्द असतात, म्हणून खुणा वरच हव्यात. छापील कोरल संगीतातही तसंच असतं. एका खुणेवर राइट-क्लिक करून त्या ओळीतल्या सगळ्या खुणा निवडा आणि एक्स दाबा, एकदम वर जातात. आधी ओढलेल्या असतील त्यांना कंट्रोल-आर देऊन मूळ जागी आणा. नाहीतर पुढे मांडणी बदलली की त्या भलतीकडेच लटकतात, आणि हे फार छळतं. पियानोवादनाच्या पानाला मात्र हे लावू नका! तिथे दोन्ही हातांच्या ओळींच्या मधोमध बघायची वादकाला सवय असते.