हसू आलं, आणि आजूबाजूला कुणीच हसत नव्हतं : तिरकस विनोदाचे अनुभव

तलावपाळी

बाबा गेले त्याला अकरा महिने झाले होते. आईला जरा घराबाहेर काढावं म्हणून गडकरी रंगायतनची दोन तिकिटं काढली. हौशी संस्थेचा प्रयोग होता, ‘महानिर्वाण’. नावावरून मला काहीतरी संतांबिंतांवरचं वाटलं, हा माझा अडाणीपणा. सतीश आळेकरांचं हे १९७४ सालचं नाटक ज्यांनी पाहिलंय, त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. पडदा उघडतो तर घरातला कर्ता पुरुष मेलेला, आणि तो मेलेला माणूसच उभा राहून स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतोय. हट्ट एकच: जाळायचं तर जुन्या स्मशानात, नव्या नको. पोरगा बिचारा प्रेत घरात घेऊन बसलाय.

मी खुर्चीत रुतत चालले. आईकडे बघायची हिंमत होईना. आमच्या रांगेत सगळे चिडीचूप, कारण शेजारच्या दोन काकू ओळखीच्या. त्या शांततेत आई फसकन हसली आणि मग थांबेचना. पदर तोंडाशी धरून माझ्या कानात म्हणाली, "ह्यांना पण भट्टी नको होती गं. लाकडंच हवी होती." खरंच. शेवटच्या महिन्यात बाबा दर दोन दिवसांनी बजावायचे, मला त्या गॅसच्या भट्टीत घालू नका. आणि आम्ही तिथेच घातलं, कारण आषाढ होता आणि लाकडं ओली होती.

मध्यंतरात आईने वडा मागून खाल्ला. मागून.

तर हा धागा त्यासाठी. नाटक, सिनेमा, चित्र, पुस्तक, काहीही चालेल. विनोद करणाऱ्याने चेहरा सरळ ठेवलाय आणि तुम्ही मात्र सापडलात, असा स्वतःचा अनुभव लिहा. ठाणे-नवी मुंबईकरांना प्राधान्य, कारण मला ओळखीच्या जागा वाचायला आवडतात. ज्यांच्या नावाचं रंगायतन १९७८ पासून तलावाकाठी उभं आहे, ते गडकरीसुद्धा ‘एकच प्याला’ लिहून लोकांना रडवायचे आणि ‘बाळकराम’ होऊन हसवायचे. तेव्हा लाजू नका. फक्त व्हॉट्सॲपवरचे विनोद इथे आणून ओतू नका.

काळाकोट_कोर्टनाका

२०१५ चा एप्रिल. वकिली सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे सिनियरच्या फायली वाहायला लागून दोन वर्षं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ लागला होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. शनिवारी वाशीला जाऊन बघितला.

एका बाईचं प्रकरण पुकारलं जातं. न्यायाधीश बघतात तर तिने बिनबाह्यांचं काहीतरी घातलंय. नियमात बसत नाही. आज ऐकणार नाही, पुढची तारीख. कुणाचा आवाज चढत नाही, मागे संगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. मी खो खो हसलो. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून असं बघितलं, की मी अवमान केलाय. आता त्यांना कसं सांगणार, की परवाच आमच्याकडे एकाची तारीख शर्टाच्या वरच्या बटणावरून गेली होती!

पण खरा फटका पुढे बसला. सरकारी वकील बाई संध्याकाळी नवऱ्या-मुलांना घेऊन मराठी नाटकाला जातात. नाटकातला बाप मुलीने पसंत केलेल्या परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतो आणि नाट्यगृहात हशा-टाळ्या. आमच्या थिएटरातही हशा. मघाशी माझ्याकडे वळून बघणारे गृहस्थ सगळ्यात मोठ्याने. पडद्यावर प्रेक्षक हसतायत, पडद्यासमोर प्रेक्षक हसतायत, आणि दिग्दर्शक दोघांकडे बघत गप्प. माझंही तोंड अर्धं उघडं होतं. ते तसंच राहिलं.

सोमवारी सिनियरना गोष्ट सांगितली. एका लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. सर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "कलम?"

"३०६."

"मग बरोबर आहे."

ते विनोद करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. अजूनही मी त्यांच्याकडेच आहे.

घोडबंदरला_अडकलेला

माझा छोटा आहे. घाणेकर नाट्यगृहात विनोदी नाटक होतं. पातलीपाड्याला एवढा अडकलो की पोचेपर्यंत पहिला अंक संपला होता. दुसऱ्या अंकात सगळे हसत होते आणि मी बायकोला "हा कोण? हा का लपलाय?" विचारत होतो. परत येताना बरोबर त्याच जागी अडकलो. तेव्हा मी एकटाच हसलो. बायको नाही.

वाशी_सेक्टर१७

मी सीए. चित्रकलेशी संबंध एवढाच, की एका गॅलरीवाल्या अशिलाने फीऐवजी एक जाडजूड पुस्तक दिलं. चाळताना कळलं, की भूपेन खख्खर मुंबईत शिकलेला चार्टर्ड अकाउंटंट, १९६२ मध्ये बडोद्याला गेला आणि तिथेही हिशेब लिहिणं सोडलं नाही. अर्धा दिवस खातेवह्या, उरलेला वेळ चित्रं. चित्रांत कोण? घड्याळ दुरुस्तीवाला, न्हावी, प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ धरून उभा असलेला एक माणूस. आमचे अशील, थोडक्यात.

तो गुच्छवाला माझ्या मानगुटीवर बसला. चेहऱ्यावर काही नाही, दुःख नाही, आनंद नाही, नुसता धरून उभा. आमच्या ऑफिसच्या स्वागतकक्षात तसाच गुच्छ आहे, दर दिवाळीला धुतो. पुढच्याच आठवड्यात आमचे एक जुने सहकारी निवृत्त झाले. फुलवाल्याने दगा दिला, तेव्हा कुणीतरी तोच गुच्छ उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालं, "साहेब, इकडे बघा." ते बघायला लागले आणि मी पाण्याच्या फिल्टरमागे गेलो. सगळ्यांना वाटलं मी रडतोय. माझी प्रतिमा त्या दिवसापासून सुधारली.

उलवे_ओसीच्या_प्रतीक्षेत

केळ्याची बातमी आठवते ना? डिसेंबर २०१९, मायामीचं कलाप्रदर्शन. मॉरिझिओ कॅटेलानने भिंतीवर चिकटपट्टीने केळं चिकटवलं, नाव ठेवलं ‘कॉमेडियन’, किंमत १ लाख २० हजार डॉलर. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला लिलावात त्याचे ६२ लाख डॉलर आले. प्रत्यक्ष केळं रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटना आणलेलं. घेणाऱ्याने नंतर ते खाल्लं.

ही बातमी मी जेवताना सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांचं आयुष्य वाशीच्या फळबाजारात गेलं, आडत्याकडे दिवाणजी होते. मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "वेलची की वसई?" म्हटलं, माहीत नाही, मोठं दिसतंय. "मोठं नको घ्यायला. पिकलं की देठाशी सुटतं. वेलची घेतलं असतं तर चिकटपट्टीला आठवडाभर धरलं असतं."

मी समजावलं, बाबा, केळं महत्त्वाचं नाही. ते सडलं की दुसरं लावायचं. विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि कसं लावायचं त्याच्या सूचना. प्रमाणपत्र असलं की झालं.

सासऱ्यांनी वरच्या ओल आलेल्या छताकडे बघितलं. ह्या इमारतीत आम्ही नऊ वर्षं राहतोय आणि बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र अजून आणलेलं नाही. म्हणाले, "आपलं उलटं आहे. आपल्याकडे नुसतं केळं आहे."

नौपाडा_तिसरा_मजला

वरचं वाचून राहवलं नाही. आमची लिफ्ट एका पावसाळ्यात ४७ दिवस बंद होती. तक्रारवहीत नोंदी करून कंटाळलो. त्याच सुमारास भाचीबरोबर मुंबईत एक प्रदर्शन बघून आलो होतो आणि चित्रांपेक्षा चित्राशेजारच्या चिठ्ठ्या मला जास्त आवडल्या होत्या. रात्री एक चिठ्ठी टाइप केली, चांगल्या जाड कागदावर छापली आणि लिफ्टच्या दाराशेजारी लावली:

शीर्षक: लिफ्ट
माध्यम: लोखंड, आरसा, रहिवासी
काळ: जून ते आजतागायत
मालकी: सामाईक
कृपया कलाकृतीस स्पर्श करू नये.

सकाळी पाचव्या मजल्यावरच्या आजी धापा टाकत उतरल्या, चष्मा वर करून वाचलं आणि मला विचारलं, "किती तारखेपर्यंत आहे हो?" त्यांनी मनापासून विचारलं की मला कोपराने ढोसलं, कल्पना नाही. (काळाकोट, तुमच्या सरांच्या नात्यातल्या असाव्यात.)

समितीने मात्र विशेष सभा बोलावली. इतिवृत्तातला ठराव जसाच्या तसा देतो, कारण मला ह्याहून चांगलं लिहिता येणार नाही: ‘तळमजल्यावर लावण्यात आलेल्या कलाकृतीस समितीची पूर्वपरवानगी नसल्याने सदर कलाकृती तात्काळ काढण्यात यावी.’ चिठ्ठी काढायची की लिफ्ट, ह्याचा खुलासा नाही. १९१७ मध्ये मार्सेल द्यूशाँने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मुतारी पाठवली होती, ‘आर. मट’ अशी सही करून. तिथल्या समितीनेही मांडायला नकार दिला होता. सचिवांना मी हे कळवलं. त्यांनी ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला.

शेवटी लिफ्टवाला मेकॅनिक आला तेव्हा चिठ्ठी अजून तिथेच होती. त्याने ती नीट वाचली, फोटो काढला, हत्यारांची पिशवी न उघडता खिशातून बॉलपेन काढलं आणि खाली लिहिलं: ‘पार्ट मागवला आहे.’

मग गेला. पुढे अकरा दिवस कुणी आलं नाही. आमच्या इमारतीतल्या कलेवर झालेलं हे एकमेव समीक्षण.

वाशी_सेक्टर१७

जाड कागदाचा खर्च कुठल्या शीर्षकाखाली दाखवलात?

नौपाडा_तिसरा_मजला

दुरुस्ती व देखभाल.

नेरूळची_टीचर

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ अभ्यासाला होती. मराठी कवी, जाहिरात क्षेत्रात नोकरी, पुस्तक इंग्रजीत, १९७६ चं, पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार. त्यात एक माणूस दारातून डोकावतो, हेही देऊळच असणार म्हणून. अंधारात वासरू वळून बघतं. अच्छा, गोठा आहे होय, असं म्हणतो आणि पुढे जातो. बस, एवढीच कविता.

वर्गातली बरीच मुलं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर आली, "मॅडम, खंडोबा आमचं कुलदैवत आहे. ह्यांनी चेष्टा केलीय का?" मी शिकवण्यातली दोन-तीन वाक्यं फेकली: संदिग्धता, तटस्थता, वगैरे. तिने मान डोलावली. तिला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं आणि मलाही पटलं नव्हतं.

सोमवारी हसत हसत आली. घरी आजीला कवितेचा अर्थ मराठीत सांगितला म्हणे. आजी म्हणाली, "खोटं काय त्यात? लग्नानंतर पहिल्यांदा जेजुरीला गेले तेव्हा मी तर हात जोडले होते. मग आतून शेण आलं." आजी बराच वेळ हसत होती. मुलगी मला म्हणाली, "पण मॅडम, ती उठली तेव्हा ‘येळकोट येळकोट’ म्हणतच उठली."

हे मी पेपर तपासताना कुठल्या मुद्द्याखाली बसवू?

शटर_कोपरखैरणे

मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे, रविवारी शटर उघडायचं काम माझं. वर्गात सरांनी अतुल दोडियांचं काम दाखवलं. ते घाटकोपरचे. त्यांनी दुकानांसारखी खरी लोखंडी शटरं रंगवली, २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही मांडली होती. पहिल्या स्लाइडवर शटर, त्यावर कॅलेंडरसारखी ठसठशीत महालक्ष्मी. आम्ही सगळे हसलो. मी जास्तच, आमच्या दुकानात सेम कॅलेंडर आहे.

मग सरांनी शटर वर केलेली स्लाइड लावली. आत तीन बहिणी होत्या, पंख्यांना लटकलेल्या. हुंडा परवडणार नाही म्हणून.

रविवारी मी शटर अर्ध्यावर नेऊन थांबते आता. पप्पा ओरडतात, गिऱ्हाईक वाकून येणार का?

निवृत्त_कळवा

मंडळी, मी तुमच्यासारखा रसिक नाही. बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात ३४ वर्षं काढली. पण ह्या विनोदाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिलेला इथे मीच दिसतो, म्हणून लिहितो.

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचा वर्धापनदिन होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. पुतण्या कॉलेजसाठी लघुपट करत होता. म्हणाला, काका, मी कोपऱ्यात उभा राहतो, तुम्ही तुमचं काम करा. केलं. प्रमुख पाहुण्यांना उशीर होत होता, त्यामुळे मी लोकांना धरून ठेवलं. "प्रमुख पाहुणे कोपरी पुलापर्यंत आलेले आहेत" असं दर दहा मिनिटांनी सांगत होतो. मला फोनवर तेच सांगितलं जात होतं. पाहुणे शेवटपर्यंत आले नाहीत.

दोन महिन्यांनी पुतण्याने वाशीला कॉलेजच्या हॉलमध्ये नेलं. लघुपट नऊ मिनिटांचा. पडद्यावर मी माईकवर टिचकी मारतो, "हॅलो, हॅलो", आणि सांगतो पाहुणे कोपरी पुलापर्यंत आलेत. हॉल हसला. पुन्हा सांगतो, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर मी तोंड उघडायच्या आतच. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. पण कानशिलं तापली होती. मी काम करत होतो हो. कुणीतरी ते करायला हवं होतं.

शेवटी लोक निघून जातात आणि मी खुर्च्या उचलून एकावर एक रचतो. पोराने तेवढंच तीन मिनिटं दाखवलंय, मध्ये कुठे कापलं नाही. हॉलमध्ये एकदम शांत. शेजारची मुलगी तर डोळे पुसायला लागली. आणि नेमकं तेव्हा मला हसू फुटलं. लोक बघायला लागले, पुतण्या घाबरला, मला आवरेना. त्यांना काय ठाऊक! त्या चळतीत तिसरी खुर्ची मागच्या पायाला मोडकी होती, सकाळीच मला कळलं होतं, आणि दुसरी मिळेना म्हणून वर शाल टाकून तीच मी प्रमुख पाहुण्यांसाठी ठेवली होती.