अनुभव धागा: अ‍ॅक्शन कॅमेरा आणि त्याची पिलावळ प्रवासात कशी ठेवता?

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यात तोरण्यावर गेलो होतो. बिनी दरवाज्याच्या अलीकडे थांबून छातीच्या पट्ट्याला कॅमेरा लावायला घेतला, तर माउंटचा, म्हणजे कॅमेरा अडकवायच्या खोबणीचा, स्क्रूच नाही. तीन बॅटऱ्या होत्या, तीन तऱ्हेचे क्लॅम्प होते, फक्त तो दोन पेरांएवढा स्क्रू नव्हता. तिथेच सॅक उलटी केली. चिक्कीचा चुरा, एक मोजा, मागच्या ट्रेकची पार्किंगची पावती. शेवटी बुटाच्या नाडीचं टोक भोकातून ओवून गाठ मारली. घरी येऊन बघतो तर दोन तास नुसतं आभाळ आणि मधूनमधून पुढच्याची टोपी.

कॅमेरा दीडशे ग्रॅमचा आणि त्याची पिलावळ किलोभर. तर आपापले डबे उघडा. कुठली बॅग घ्यावी ते नको, ते दुकानदार सांगतोच. काय हरवलं, काय भिजलं आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं ते लिहा.

शनिवार पेठेतून

चित्रण साठवायचं मायक्रोएसडी कार्ड म्हणजे १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी जेमतेम १. टिकली बरी, निदान कपाळाला चिकटते. माझं एक कार्ड लोणावळा लोकलमध्ये सीटच्या फटीत गेलं ते गेलंच. त्यावर भाच्याची पहिली भुशी डॅमची सहल होती.

तेव्हापासून कार्डं आईच्या गोळ्यांच्या डबीत. सोम ते रवि सात खणांची असते ना, ती. ज्या दिवसाचं चित्रण त्या दिवसाचा खण. रिकामं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. बॅटऱ्यांनाही खूण आहे: चार्ज झाली की रबरबँड चढवायचा, वापरायला घेतली की काढायचा. हे चुकलं की सगळंच मुसळ केरात. आईला नवी डबी आणून दिली, पण अजून पाहुण्यांना सांगते, हिने माझ्या बीपीच्या गोळ्या बाहेर काढल्या म्हणून.

धायरीहून

मोटरसायकलवाल्यांसाठी. स्पितीला निघायच्या आदल्या रात्री हेल्मेटच्या हनुवटीवर चिकटपट्टीचा माउंट लावला. घाईत, हेल्मेट न पुसता. काझाच्या अलीकडे दगडगोट्यांच्या रस्त्यावर तो उखडला. कॅमेरा दरीत गेला नाही कारण तंगूस. हो, मासे पकडायचा तंगूस. एक टोक कॅमेऱ्याच्या चौकटीला, दुसरं हेल्मेटच्या पट्ट्याला बांधलं होतं. पुढचे चार-पाच किलोमीटर कॅमेरा गळ्याशी लोंबकळत होता आणि मला वाटत होतं जॅकेटची चेन वाजतेय.

आता जागा अल्कोहोलने पुसतो, माउंट दाबून धरतो आणि पूर्ण २४ तास हात लावत नाही. म्हणजे पॅकिंगची सुरुवात दोन दिवस आधी. तंगूसाचं रीळ किटमध्ये कायमचं.

आणि बॅटऱ्या. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, रात्रीच्या थंडीत लिथियम बॅटरी मान टाकते. बाहेर टाकीवरच्या बॅगेत ठेवलेली सकाळी अर्ध्यावर दिसायची. मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत घेतलेली ठणठणीत. दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात.

वडगाव शेरीहून

विमानाने जाणाऱ्यांनो, सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. मला माहीत होतं, तरी मोठ्या बॅगेच्या कप्प्यात पॉवर बँक राहिली. नावाचा पुकारा झाला, बॅग सगळ्यांदेखत उघडली. वर मेतकूट, खाली लसणाची चटणी, त्याखाली पॉवर बँक.

विमानात बॅटरीची मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर छापलेल्या एमएएचला (क्षमतेचा आकडा) ३.७ ने गुणा, हजाराने भागा, वॉट-अवर मिळतात. २०,००० ची पॉवर बँक ७४ होते, १०० पर्यंत सहसा प्रश्न येत नाही. १,७२० एमएएचची कॅमेऱ्याची बॅटरी साडेसहाच्या आसपास. मात्र पॉवर बँकेवरचा आकडा वाचता आला पाहिजे, घासून गेलेली घरीच ठेवा. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांच्या खिशात टाकू नका, टोकं जुळली की तापते. मी टोकांवर साधी चिकटपट्टी लावतो.

हडपसरहून

वडगाव शेरीला +१. आणि केबल! कॅमेऱ्याची वेगळी, रिमोटची वेगळी, पॉवर बँकेची तिसरीच. रुसून बसल्यासारखी प्रत्येक वेळी एक तरी घरी राहते.

बिबवेवाडीहून

माझा कॅमेरा तारकर्लीला गेला. म्हणजे मीही गेले होते, पण मी परत आले.

१० मीटरपर्यंत पाण्यात चालतो हे खरं, पण दार नीट लागलेलं असेल तर. मी वाळूवर बसून, ओल्या हाताने बॅटरी बदलली. दाराच्या आतल्या रबरावर एक कण राहिला असणार. तिसऱ्या डुबकीनंतर पडद्याच्या आत पाण्याचा थेंब इकडून तिकडे फिरताना दिसला. वाळूचा एक कण!

आता किनाऱ्यावर दार उघडायचंच नाही. समुद्रातून आल्यावर कॅमेरा बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवायचा, पुसायचा, वाळवायचा, मग खोलीत येऊन उघडायचा. ओल्या पट्ट्या, तरंगणारा दांडा, हे सगळं कोरड्या सामानात कधीच नाही. त्यासाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन वाळवलेल्या. पुण्यात त्या प्रत्येक घरात गठ्ठ्याने असतात, विकत काय घ्यायचं?

पौड रोडहून

ताम्हिणीचं धुकं बाहेर कमी आणि आमच्या लेन्सवर जास्त. चष्मेवाल्यांना कारण सांगायला नको: एसी गाडीतला गार कॅमेरा दमट हवेत आला की बाष्प धरतं. उतरायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद, कॅमेरा पाऊचमध्येच राहू द्यायचा. सिलिका जेलच्या पुड्या जरूर ठेवा, पण बुटांच्या खोक्यातल्या वर्षभर उघड्या पडलेल्या नकोत. त्या आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात.

नारायण पेठेतून

मी सत्तरीचा. मुलाने हा कॅमेरा दिला, नर्मदा परिक्रमेला नेणार आहे.

पिंपरीला कारखान्यात होतो. आमच्याकडे भिंतीवर प्रत्येक पान्याच्या जागी त्याची आकृती रंगवलेली असायची. पाना नसला की आकृती उघडी पडायची, लांबूनच कळायचं. तेच केलं. बोहरी आळीतून झाकणाचा डबा आणला, टीव्हीच्या खोक्यातला फोम डब्याच्या मापाने कापला. ब्लेडने कॅमेऱ्याचा, चार्जरचा, दोन स्क्रूंचा खड्डा कोरला आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाला तांबडा कागद चिकटवला. डबा बंद करताना कुठे तांबडं दिसलं तर काहीतरी बाहेर राहिलंय. तोरणेकरांनी करून बघावं, तासाभराचं काम आहे. दुसरा स्क्रू जादा ठेवलाय, तो त्यांच्यासाठीच समजा.

एक विचारायचं होतं. कार्ड संगणकावर फॉरमॅट करावं की कॅमेऱ्यात?

शनिवार पेठेतून

काका, तांबडा कागद भन्नाट! कॅमेऱ्यातच करा. आधीचं चित्रण उतरवून घेतलंय ना पण?

नारायण पेठेतून

नातवाचं बारसं होतं त्यावर. थांबा, बघतो.

शनिवार पेठेतून

काका?