एक रुपया खणखणीत वाजतो, दुसरा बद्द. खोटा असेल का?

साखरपेठकर
नमस्कार मंडळी, सोलापूरचं जुनं घर आवरताना माळ्यावर पणजोबांचा पितळी डबा मिळाला, ते मिलमध्ये कामाला होते. आत 1918 चा पंचम जॉर्जचा रुपया, 1944 चा सहाव्या जॉर्जचा, 1947 चा वाघाचा रुपया आणि 1943 चा भोकाचा पैसा. 1918 चा शहाबादी फरशीवर टाकला की मस्त घुमतो, 1944 चा नुसता टप्प करतो. आकार सारखाच की हो! काका म्हणतात चिंच लावून घासून काढ, मोबाईलवर तर अशा नाण्याला लाखो मिळतात अशी जाहिरात आली. खरं काय?

नाणीवेडा
ताई, आधी ती चिंच बाजूला ठेवा, प्लीज. वरचा जुना काळपट थर गेला की नाण्याची किंमत गेलीच म्हणून समजा.

आवाजावरून खोटा ठरवू नका. 1918 चा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी. वजन बरोब्बर एक जुना तोळा, म्हणून सराफ रुपया तराजूत टाकून सोनं तोलायचे. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीची नाणी घरात दाबून ठेवली, चांदी पुरेना, मग 1940 मध्ये सरकारने चांदी 50 टक्क्यांवर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन तेवढंच ठेवलं म्हणून हातात फरक कळत नाही, फरशीवर कळतो. आता 1944 च्या रुपयाच्या कडेवरून नख फिरवा, मधोमध बारीक खाच लागेल. नकली पाडणाऱ्यांना ती जमू नये म्हणून केलेली.

वाघाच्या रुपयाला लोहचुंबक लावून बघा.

विडी_घरकुल
भोकाचा पैसा आमच्या आजीने लेकरांच्या करदोड्यात ओवलेला मी स्वतः बघितलाय. तेपण युद्धामुळेच, तांबं वाचवायला मधलं काढून टाकलं, आधीच्या पैशाच्या निम्म्यापेक्षा हलका झाला. असे 64 पैसे म्हणजे रुपया, सोळा आणे. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 पैसे केले तेव्हा चार आण्याचे सरळ 25 झाले पण एका आण्याचे सव्वासहा, आता तो पाव पैसा द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा, बाजारात त्यावरनं कटकट व्हायची. म्हणूनच 1964 पर्यंत नाण्यावर ‘नया पैसा’ लिहायचे, जुन्याशी घोळ नको.

आणि ती लाखाची जाहिरात ब्लॉक करा ताई. आधी कमिशन भरा, टॅक्स भरा म्हणून पैसे उकळतात, वर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. बँकेने 2021 मध्ये स्वतः कळवलंय की आम्ही असले व्यवहार करत नाही.

साखरपेठकर
वाघाचा रुपया चुंबकाला चिकटला! 1944 च्या कडेला खाच पण आहे. साल लिहिलंय त्या बाजूला खाली इवलासा इंग्रजी एल दिसतोय, तो कशाचा?

नाणीवेडा
लाहोर! युद्धात नाण्यांची मागणी इतकी वाढली की मुंबई, कोलकाता पुरेना म्हणून तिथे टांकसाळ काढली. म्हणजे तुमचा रुपया लाहोरात पाडलेला आणि मिळाला सोलापुरात, मिलवाल्याच्या डब्यात. जपा तो. वाघाचा चिकटणारच, तो निव्वळ निकेलचा. अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करायची होती, म्हणून 1947 च्या रुपयात चांदीच घातली नाही.