कानापुढे कट् आवाज, सकाळी जबडा आखडलेला. दाढा घासून घ्याव्यात का?

सातारची सून
वय ४१, प्राथमिक शाळेत शिकवते. जांभई देताना डाव्या कानापुढे कट् असा आवाज बरीच वर्षं येतो. दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. दिवाळीत चकली खाताना कळ आली आणि तेव्हापासून रोज सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं जड. भाकरी उजवीकडूनच चावते. आधी कानच दुखतोय असं वाटलं, पण कान-नाक-घसावाल्यांनी तपासून कान चांगला आहे म्हणून सांगितलं. मग दातांच्या एका दवाखान्यात गेले, तर तिथे "चावा जुळत नाही, वरच्या दोन दाढा घासू, मग तारा लावू" असं म्हणाले. दाढा माझ्या धडधाकट आहेत हो. एकदा घासल्या की गेल्या. मी झोपेत दात खाते असं घरचे म्हणतात. यातून कुणी गेलंय का?

भजनी
ताई, दाढांना आत्ता हात लावू देऊ नका.

माझाही असाच आवाज यायचा. २०१९च्या आषाढात तो एकाएकी थांबला आणि मी खूश झालो. दोन दिवसांनी सकाळी ब्रश तोंडात जाईना, जेमतेम दीड बोट उघडत होतं. मंडळात आ-कार लावायचा तर डोळ्यांत पाणी यायचं.

तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. कानाच्या पुढे, खालच्या जबड्याचा गोल गड्डा आणि कवटी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. तोंड उघडताना गड्डा आधी फिरतो, मग पुढे सरकतो, आणि चकतीनं त्याच्याबरोबर सरकायचं असतं. ती आधीच पुढे निसटलेली असली तर गड्डा परत तिच्याखाली शिरताना कट् होतं. माझी चकती तर परत गड्ड्यावर येईचना. आवाज थांबला होता तो त्यामुळे, बरं वाटून नव्हे.

उपचार साधेच होते. दहा दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेली सूज उतरवणारी गोळी, ओल्या गरम पंचाने शेक, मऊ भात, खिमट, शिजवलेली फळं. दातांचा साचा घेऊन बनवलेलं, झोपताना दातांवर घालायचं कडक नाईट गार्ड. फिजिओथेरपिस्टनी हलक्या हाताने तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवले. याने नाही उतरलं तर सुईने सांधा धुऊ म्हणाले होते, त्याची वेळ आली नाही. तीन बोटं जायला चार महिने लागले. धीर धरावा लागतो, खरंच.

पण मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दिवसाचे दात सोडवण्याचा. वरचे-खालचे दात फक्त चावताना आणि गिळताना टेकायला हवेत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, आणि 'न' म्हणताना जीभ टेकते तिथे जीभ. मी घड्याळाच्या काचेवर लाल ठिपका लावला होता. दिसला की तपासायचं. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वेळी दात आवळलेले सापडले.

दंतवैद्य, कोल्हापूर
भजनींशी सहमत. नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड नीट उघडतंय, तर उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर आधी परत फिरता येईल असेच उपाय करावेत. दाढा घासणं त्यात बसत नाही. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत हाड दिसतं. चकती पाहायला एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकाला नको.

तुमचीच तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड कमी उघडत असेल आणि तिखटाने आग होत असेल, तर तो आजार वेगळा, लगेच दाखवा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर राहत असेल तर आधी हृदय तपासायचं. आणि पन्नाशीनंतर कानशिलाची नवी डोकेदुखी, चावताना जबडा दमणं किंवा दृष्टी अंधुक होणं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सातारची सून
अडीच बोटं जातात. सुपारी वगैरे नाही. काल वह्या तपासताना लाल पेनावरच ठिपका लावला. चौथी वही होईपर्यंत तीनदा दात आवळलेले होते. मला कधी जाणवलंच नव्हतं. गुरुवारी सर्जनकडे वेळ घेतली आहे, दाढांचं थांबवलंय. भाकरी बंदच करायची का?

भजनी
बंद नको. आमटीत कुस्करून खा, आणि दोन्ही बाजूंनी.