कंत्राटी कर्मचाऱ्यांचा नवा करार: रविवारी हात वर करण्याआधी अकरावं कलम वाचा

डिचोलीकर
विद्यापीठातल्या कंत्राटी शिपाई, अटेंडंट, माळी आणि सफाईवाल्यांसाठी युनियनने व्यवस्थापनाशी बोलून चार वर्षांच्या कराराचा मसुदा आणलाय. एकत्रित पगार 17,900 वरून 21,400, पुढे दर वर्षी चार टक्के वाढ, बारा किरकोळ रजा, ग्रॅच्युइटी, गणेश चवथीआधी सानुग्रह रक्कम. रविवारी सर्वसाधारण सभेत मंजुरी, मग कामगार आयुक्तांसमोर सह्या.

माझं मत: नामंजूर करा. पूर्ण मसुदा नको असं नाही, अकरावं कलम नको. त्यात लिहिलंय की कराराच्या मुदतीत सेवेत कायम करण्याची किंवा आर्थिक बोजा पडेल अशी कुठलीही मागणी युनियन करणार नाही. म्हणजे चार वर्षं तोंड शिवून बसायचं.

कायम शिपायाचं मूळ वेतन 18,000. त्यावर केंद्राच्या दराने जुलै 2025 चा 58 टक्के महागाई भत्ता धरला तर 28,440 होतात, घरभाडं वेगळं. टेबल तेच, फायली त्याच. समान कामाला समान वेतन तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जगजित सिंग खटल्यात सांगितलं. डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्यात तर केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला सेवेत कायम करायला लावलं. वारा आपल्या बाजूने वाहायला लागला आणि आपण आत्ताच दार लावून घ्यायचं?

आणि ग्रॅच्युइटी मसुद्यात उपकारासारखी का घातली आहे? ती 1972 च्या कायद्यापासूनच हक्काची आहे.

कुडचडेकर
डिचोलीकरबाब, आधी एक सांगा, तुम्ही कायम की कंत्राटी? कारण नामंजूर करा म्हणणाऱ्यांत कायमवालेच जास्त दिसतात.

मी कंत्राटी. मला दर महिन्याला साडेतीन हजार जास्त मिळणार, वर्षाचे 42,000. जग्गो खटला तुम्ही सांगितला, पण अर्धाच. ती माणसं आधी न्यायाधिकरणात हरली, मग उच्च न्यायालयात हरली, आणि मधल्या काळात त्यांना कामावरून काढूनही टाकलं होतं. तेवढं थांबायची ताकद आमच्यात नाही. उलट बाजूला 2006 चा उमादेवी निकाल उभाच आहे, वर्षानुवर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही म्हणणारा. प्रत्येक सरकारी वकील आधी तोच काढतो.

ग्रॅच्युइटी हक्काची आहे, मान्य. आमच्यातल्या किती जणांना ती मिळाली? दर अकरा महिन्यांनी कागदावर नोकरीत खंड दाखवतात. करारात लिहिलं तर निदान दाखवायला कागद तरी राहील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं ते तुम्ही लागा.

माशेलची वहिनी
तुम्ही दोघे निकालांवर भांडताय, मला ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, सांगा कोणीतरी. ईएसआयची पगारमर्यादा 21,000 आहे. नवा पगार 21,400. म्हणजे चारशे रुपयांसाठी माझं कार्ड जाणार ना?

माझ्या पगारातून पाऊण टक्का कापतात, सध्या महिन्याला 135 रुपये. त्यात सासूबाईंचे औषधोपचार मडगावच्या ईएसआय इस्पितळात होतात. मी स्वतः आजारी पडले तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. आमच्या सेक्शनमध्ये एक मुलगी गरोदर आहे, तिला 26 आठवड्यांची पगारी रजा त्यातूनच मिळायची आहे. बाहेर एवढा विमा काढायला गेलात तर वाढीतलं किती उरेल? गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आहे, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. दर महिन्याच्या गोळ्यांचं काय?

युनियनवाल्यांना विचारलं तर म्हणतात, ताई, पगार वाढतोय, आणि तुम्ही रडता.

कुडचडेकर
वहिनी, हा मुद्दा बरोबर आहे. पण उपाय सोपा आहे, 20,900 करून घेऊ आणि उरलेलं दुसऱ्या कुठल्या स्वरूपात मागू.

माशेलची वहिनी
आणि पुढच्या वर्षी चार टक्के लागले की 21,736. तेव्हा काय करणार? एक वर्ष पुढे ढकललं, एवढंच.

थिवीकर (निवृत्त)
वहिनी, तारीख बघा. ईएसआयचे वर्गणीचे काळ दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यावर मधेच पगार मर्यादेवर गेला तर तो काळ संपेपर्यंत माणूस आतच राहतो. मसुद्यात लागू होण्याची तारीख 1 एप्रिल आहे. ती 1 मे करून घेतली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि त्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ मिळतात. तुमच्या सेक्शनमधल्या मुलीसाठी हे महत्त्वाचं आहे. तेवढ्या वेळात व्यवस्थापनाकडून गट आरोग्य विमा लिहून घ्या. एक महिन्याची वाढ जाईल, जाऊ दे.

आता अकराव्या कलमाचं. आयुक्तांसमोर समेटात झालेला करार फक्त युनियनच्या सभासदांना बांधत नाही, सगळ्या कामगारांना बांधतो, उद्या भरती होणाऱ्यांनाही. आपसात झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. व्यवस्थापन आयुक्तांकडे चला म्हणतंय ते उगाच नाही. एखादा कर्मचारी स्वतः उच्च न्यायालयात गेला तर त्याला हे कलम अडवू शकणार नाही असं मला वाटतं, पण समोरचा वकील ते फडकवणारच.

कंत्राटी लेक्चररही विचारताहेत आम्ही यात का नाही म्हणून. त्यांना करंजाळेच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा 1988 चा निकाल वाचायला द्या. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं ते आपल्या गोव्यातल्या खटल्यातच.

पर्वरीचा यूडीसी
मी कायम, अप्पर डिव्हिजन क्लार्क. सगळे कायमवाल्यांवर घसरताहेत म्हणून लिहितो. आमचा पगार या कराराने ठरत नाही, आम्ही आठव्या वेतन आयोगाची वाट बघतोय. पण युनियन आमच्या वर्गणीवर उभी आहे आणि सभेला मत द्यायचा अधिकार आम्हालाही आहे. मंजूर करा. चिघळलं तर आमचेही प्रश्न अडकतात.

माशेलची वहिनी
म्हणजे माझं कार्ड जाणार की राहणार हे तुम्ही ठरवणार, ज्यांना वैद्यकीय बिलं परत मिळतात ते!

डिचोलीकर
कुडचडेकर, उत्तर राहिलं. मी कायम आहे, 2012 पासून. म्हणूनच सांगतो, रविवारी कायमवाल्यांनी मत देऊच नये. मीही देणार नाही. कंत्राटी सभासदांनी वेगळं मतदान करावं, चिठ्ठीवर, गुप्त. अध्यक्षांकडे बघून हात वर करायचा म्हटलं तर ज्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे तो विरोधात हात कसा वर करेल?

हे जगावेगळं नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात 2022 च्या नोव्हेंबरात 48,000 लोक संपावर गेले होते. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या मंडळींनी आपला करार आधी मंजूर केला, टीचिंग असिस्टंट आणि विद्यार्थी संशोधक संपावरच राहिले. डिसेंबरअखेर त्यांनीही मत दिलं, दोन्ही गटांनी वेगवेगळं. एका गटात सुमारे 62 टक्के हो, दुसऱ्यात 68. ज्याचा करार त्याचं मत.

पर्वरीचा यूडीसी
कॅलिफोर्निया राहू दे. आपल्या युनियनच्या घटनेत वेगळ्या मतदानाची तरतूद नाही.

थिवीकर (निवृत्त)
मनाईही नाही. सभेने ठराव केला की झालं. आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर 51 टक्के सभासद असलेलीच युनियन एकटी वाटाघाट करू शकते. कंत्राटी पोरं उद्या दुसरीकडे गेली तर तुम्ही 51 कुठून आणणार, तेही सभेत सांगा.

कुडचडेकर
चिठ्ठी घेतली तर मला हरकत नाही. तरी माझी चिठ्ठी हो म्हणूनच पडणार. अकरावं कलम काढायला परत गेलो आणि त्यांनी मसुदाच मागे घेतला तर चवथीला हातात काय?

डिचोलीकर
ते मागे घेणार नाहीत. चार वर्षांची शांतता त्यांनाही हवी आहे. म्हणून तर ते कलम घातलं.

कुडचडेकर
तुमचा पगार चालू असताना हे म्हणायला सोपं आहे, बाब.

माशेलची वहिनी
थिवीकरकाका, ते तारखेचं आणि विम्याचं एका कागदावर लिहून द्याल का? शनिवारी मी झेरॉक्स काढते. आमच्या सेक्शनच्या बायका तो कागद घेऊनच सभेला येतील, मग काय ते ठरवू.